रीमॅप केलेल्या टर्बो गाडीत ई२० आणि त्यापुढचे इथेनॉल

वेताळटेकडी (धागालेखक)

पुण्यातल्या पंपांवर साधे पेट्रोल म्हणून आता जे मिळते ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आहे, आणि त्याविषयीची बहुतेक चर्चा मायलेज किती घटले व जुन्या दुचाकीचे काय होणार, या दोनच प्रश्नांभोवती फिरताना दिसते. ज्यांची गाडी रीमॅप केलेली आहे (म्हणजे ईसीयूतले, इंजिनाच्या संगणकातले, इंधनाचे व ठिणगीच्या वेळेचे तक्ते किंवा 'मॅप' बदललेले आहेत), ज्यांनी मोठा टर्बो (इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारा पंखा) बसवला आहे किंवा ज्यांचे इंजिन मुळातच जास्त कॉम्प्रेशनचे (मिश्रण जास्त दाबणारे) आहे, त्यांच्यापुढचे प्रश्न निराळे आहेत, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे. माझे काम चाकणच्या पट्ट्यात इंजिन कॅलिब्रेशनचे आहे आणि माझी स्वतःची गाडी दोन लिटरची, डायरेक्ट इंजेक्शनची (इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारी) टर्बो सेडान आहे. खाली लिहिलेले काही कामातून आलेले आहे, काही गाडीच्या लॉगमधून, म्हणजे चालताना नोंदवलेल्या वाचनांतून.

माझे म्हणणे आधीच स्पष्ट मांडतो. ताकदीच्या इंजिनासाठी इथेनॉल हे फार चांगले इंधन आहे. आपल्या गाड्यांना त्रास होतो तो दोन कारणांनी: टाकीत इथेनॉल नेमके किती टक्के आहे हे चालकालाही ठाऊक नसते आणि ईसीयूलाही, आणि तेवढ्या टक्केवारीला पुरेल इतके इंधन पोचवण्याची पंपाची व इंजेक्टरची ऐपत कुणी तपासलेली नसते.

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर इथेनॉलमध्ये २१ च्या आसपास. हे वाचून इथेनॉलने ताकद कमी होणार असा समज होतो, परंतु इंजिनाची ताकद सिलिंडरमध्ये किती हवा शिरली आणि त्या हवेला जुळेल इतके इंधन मिळाले का, यावर ठरते. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९ पट, ई२० ला साधारण १३.५ पट आणि ई८५ ला ९.८ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेत इथेनॉल जास्त घालावे लागते, आणि ते घातल्यावर हवेच्या प्रत्येक ग्रॅममागे मिळणारी ऊर्जा जवळजवळ पेट्रोलइतकीच भरते. मायलेज घटते ते खरेच, पण पूर्ण थ्रॉटलवरची (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरची) ताकद त्या कारणाने घटत नाही.

खरा लाभ पुढे आहे. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा, म्हणजे नॉकिंगला (मिश्रण आपोआप पेटून होणाऱ्या खडखडीला) तोंड देण्याची क्षमता, १०८ च्या आसपास आहे, आणि द्रवाची वाफ होताना ते पेट्रोलच्या सुमारे अडीच पट उष्णता शोषून घेते. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात हे बाष्पीभवन थेट सिलिंडरमध्ये होत असल्याने आतली हवा थंड होते, नॉकिंगची मर्यादा पुढे सरकते आणि टायमिंग (ठिणगीची वेळ) पुढे घेता येते किंवा बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) वाढवता येतो. ताकद मिळते ती या वाढीव टायमिंगमधून आणि बूस्टमधून. नुसते इंधन बदलले आणि मॅप तोच ठेवला, तर ईसीयू नॉक सेन्सरच्या आधारे जेवढे टायमिंग मागे खेचत होता तेवढे परत देईल, त्याहून अधिक काही पदरात पडणार नाही.

आपल्याकडे साध्या पेट्रोलचा ऑक्टेन आकडा आधी ८८ वरून ९१ वर गेला आणि ई२० बरोबर तो ९५ झाला. रीमॅपच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे, आणि मायलेजच्या वादात तो झाकला जातो याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता ऐपतीविषयी. पेट्रोलवरून ई२० वर आल्यास त्याच हवेसाठी आकारमानाने सुमारे ७ टक्के जास्त इंधन लागते, ई१० वरून आल्यास साधारण साडेतीन टक्के. मूळ स्थितीतल्या गाडीला याचे काही वाटत नाही. पण रीमॅप करताना ज्या गाडीचे इंजेक्टर पेट्रोलवरच ८५ टक्के ड्यूटीपर्यंत (उपलब्ध वेळेच्या ८५ टक्के उघडे राहतील इथपर्यंत) नेऊन ठेवलेले असतात, ती गाडी ई२० वर ९१ टक्क्यांवर जाते, ई४० वर ९८ च्या पुढे, आणि तिथून पुढे इंजेक्टर जवळजवळ सतत उघडा राहतो व मिश्रण पातळ होऊ लागते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये आधी हात टेकतो तो कॅमवर चालणारा हाय प्रेशर पंप. माझ्या लॉगमध्ये हे स्वच्छ दिसते: तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिल्यावर मागितलेला रेल प्रेशर (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीतला दाब) आणि प्रत्यक्ष रेल प्रेशर या दोन रेषा पाच हजार आरपीएमपर्यंत एकमेकींवर बसलेल्या असतात, आणि इथेनॉल वाढवत नेले की साडेपाच हजारांच्या पुढे प्रत्यक्ष प्रेशरची रेषा खाली झुकू लागते. ती रेषा झुकली की त्या मॅपवर गाडी पळवू नये. चालकाला तोवर काहीही जाणवलेले नसते, उलट गाडी नेहमीपेक्षा मोकळी धावते आहे असे वाटते.

टाकीतले प्रमाण मोजण्याची घरगुती रीत लिहून ठेवतो. शंभर मिलिलिटरचा काचेचा मोजसिलिंडर घ्यावा, त्यात १० मिलिलिटर पाणी आणि ५० मिलिलिटर पेट्रोल घालावे, तोंड बंद करून नीट हलवावे आणि थर वेगळे होईपर्यंत थांबावे. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते. खालचा थर १० वरून २० मिलिलिटरच्या खुणेजवळ आला, तर ५० मधले १० म्हणजे २० टक्के. पाणी आणि इथेनॉल मिसळल्यावर आकारमान थोडे आकुंचन पावते, त्यामुळे वाचन किंचित कमी येते. हे मोकळ्या हवेत, ज्योत आणि स्विचपासून दूर करावे आणि उरलेले मिश्रण गाडीत परत घालू नये.

आपले अनुभव वाचायला आवडतील, विशेषतः ज्यांच्याकडे लॉग आहेत त्यांचे.

घाटमाथा

फार उपयुक्त धागा, धन्यवाद. माझी २०१४ ची टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे, रीमॅप केलेली नाही. उन्हाळ्यात बोरघाट चढताना पूर्वी चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की हलकी खडखड ऐकू यायची, ती अलीकडे येत नाही. मायलेज मात्र शहरात आणि महामार्गावर दोन्हीकडे कमी झाले आहे. माझे दोन प्रश्न आहेत. खडखड थांबली याचे श्रेय ई२० ला द्यावे का? आणि गाडी ई२० साठी बनवलेली नसताना इंजिन आतून पातळ मिश्रणावर चालत असेल, ही भीती कितपत खरी आहे?

वेताळटेकडी

घाटमाथा, आपण वर्णन केलेली खडखड नॉकिंगचीच असावी, आणि ९१ वरून ९५ ऑक्टेनवर आल्यावर ती थांबणे अगदी स्वाभाविक आहे.

पातळ मिश्रणाच्या भीतीविषयी सविस्तर लिहितो. नेहमीच्या चालीत ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे पाहून इंधन कमी-जास्त करत असतो, त्यामुळे इथेनॉल वाढले की तो इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो आणि ही दुरुस्ती फ्युएल ट्रिम म्हणून नोंदवून ठेवतो. आपण साध्या ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातली वाचने दाखवणाऱ्या उपकरणावर) लाँग टर्म ट्रिम, म्हणजे या दुरुस्तीची दीर्घकाळची नोंद, पाहिला तर तो अधिक बाजूला काही टक्के सरकलेला दिसेल, आणि ते बिघाडाचे लक्षण मानू नये. जुन्या, अरुंद पट्ट्याचा (मिश्रण जाड की पातळ एवढेच सांगणारा) सेन्सर असलेल्या गाड्या पूर्ण थ्रॉटलवर सेन्सरचे ऐकणे सोडून ठरावीक तक्त्याप्रमाणे इंधन देतात. तिथे ट्रिमची दुरुस्ती लागू होते की नाही हे ईसीयूच्या रचनेवर अवलंबून असते. लागू होत नसेल, तर पूर्ण थ्रॉटलवर मिश्रण थोडे पातळ होईल, पण कंपनीच्या मूळ मॅपमध्ये तिथे बऱ्यापैकी जाड मिश्रण ठेवलेले असते, म्हणून बदल न केलेल्या गाडीत हा फरक पचून जातो. रीमॅप करताना हेच जाड मिश्रण काढून घेतलेले असेल तर मात्र पचवायला काही शिल्लक राहत नाही.

मायलेजबाबत नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालातच लिहिलेले आहे की ई० साठी बनवलेल्या आणि ई१० साठी कॅलिब्रेट केलेल्या चारचाकीत ई२० वर सहा ते सात टक्के घट होऊ शकते, तर ई१० साठी बनवून ई२० साठी कॅलिब्रेट केलेल्या गाडीत ती एक ते दोन टक्क्यांवर येते. पहिला आकडा लिटरमागच्या ऊर्जेतल्या घटीशी जवळपास जुळतो. आपली घट याहून बरीच मोठी असेल, तर एअर फिल्टर, टायरमधली हवा आणि प्लग आधी पाहावेत.

सुटेभाग

माझे नाना पेठेत सुट्या भागांचे दुकान आहे, भोसरीतल्या दोन-तीन गॅरेजना माल जातो, त्यामुळे खराब होऊन आलेले भाग रोज हातात येतात. धागालेखकांनी इंधनाचे गणित उत्तम मांडले आहे, मी रबर आणि धातू यांविषयी लिहितो.

साधे नायट्राइल रबर जास्त इथेनॉलमध्ये फुगते आणि मऊ पडते, आणि नंतर कोरडे झाले की आकसून कडक होते. जुन्या गाडीच्या इंजेक्टरची ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) नव्या ओ-रिंगशेजारी ठेवून पाहिली तर फरक डोळ्यांना दिसतो: जुनीच्या कडा चपट्या झालेल्या असतात, नखाने दाबले तर खूण राहते, आणि वाकवली तर आतल्या बाजूला बारीक चिरा उघडतात. वायटन या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या ओ-रिंगला हा त्रास होत नाही. ग्राहकाने मागताना 'वायटन' असे स्पष्ट म्हणावे, कारण रंगावरून ओळखण्याची पद्धत बेभरवशाची आहे. नळीच्या बाबतीतही तेच. टर्बो गाडीत इंजिनाजवळची नळी आधीच उष्णतेने दमलेली असते, त्यामुळे क्लिपजवळचे तोंड ओलसर दिसले किंवा बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास आला, तर क्लिप आवळत बसू नये, नळी बदलावी.

धातूंमध्ये जस्त, पितळ आणि उघडे ॲल्युमिनियम यांची काळजी असते, आणि इथेनॉलमध्ये पाणी शिरले की ती वाढते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या ठेवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. आणखी एक गोष्ट: इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकट थर सोडवते आणि तो सगळा फिल्टरमध्ये येऊन बसतो. ई२० ने फ्युएल पंप गेला म्हणून जी तक्रार येते, तिच्यामागे कित्येकदा तुंबलेला फिल्टर आणि त्यामुळे ताण घेऊन तापलेला पंप असतो.

कोथरूडकर_७०

मला या सगळ्याची गरज मनापासून पटत नाही. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचे एक्सपी१०० दहा शहरांत आणले, त्यांत पुणे होते. ज्याला ताकद हवी आहे त्याने जास्त पैसे मोजून ते घ्यावे, त्यासाठी मॅप करून घ्यावा आणि स्वस्थ राहावे. टाकीत दोन इंधने मिसळून, काचेच्या नळ्या घेऊन प्रयोग करत बसणे सामान्य माणसाला झेपणारे नाही. शिवाय विमा, वॉरंटी आणि मोटार वाहन कायदा यांचे काय?

वेताळटेकडी

आपला आक्षेप रास्त आहे. १०० ऑक्टेनसाठी केलेला मॅप हा सरळ आणि टिकाऊ मार्ग आहे, आणि ज्यांना तो परवडतो त्यांनी तोच घ्यावा. पण असा मॅप केलेली गाडी सातारा रस्त्यावर लांब गेली आणि तिथे फक्त ई२० मिळाले, तर मॅप त्या इंधनासाठी नाही, हे चालकाला माहीत हवे. म्हणून कमी ऑक्टेनचा दुसरा मॅप नेहमी सोबत असावा. महागडे पेट्रोल घेताना त्यात इथेनॉल आहे की नाही, हेही त्याच काचेच्या सिलिंडरने एकदा पाहून घ्यावे, कारण मॅप कशावर बसवायचा ते त्यावर ठरते.

कायद्याचे म्हणाल, तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत फेरबदल करण्यावर बंधने आहेत, आणि रीमॅप केलेल्या इंजिनाच्या वॉरंटीची अपेक्षा ठेवू नये. ज्यांची गाडी वॉरंटीत आहे त्यांनी ती संपेपर्यंत थांबावे असेच मी सांगेन.

लॅम्डा_एक

ई२० च्या पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी माझा अनुभव लिहितो. पुण्याचा आणि शुद्ध इथेनॉलचा संबंध तसा जुना आहे: ५ जून २०२१ रोजी ई१०० विक्रीचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला तो पुण्यातल्या तीन पंपांवर. पुढे मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या १८३ पंपांवर 'इथेनॉल १००' आले. त्यात साधारण ९३ टक्के इथेनॉल, ५ टक्के पेट्रोल आणि बाकी को-सॉल्व्हंट (दोन्ही नीट मिसळून ठेवणारा द्राव) असते. ते फ्लेक्स फ्युएल, म्हणजे पेट्रोल व इथेनॉलच्या कमी-जास्त मिश्रणांवर चालणाऱ्या, वाहनांसाठी आहे, हे ध्यानात असू द्यावे.

माझ्या गाडीत इंधनाच्या नळीत फ्लेक्स फ्युएल सेन्सर बसवलेला आहे. तो इंधनाचा विद्युत गुणधर्म मोजतो आणि ५० ते १५० हर्ट्झ या दरम्यानचा सिग्नल देतो: ५० म्हणजे शून्य टक्के इथेनॉल, १५० म्हणजे शंभर टक्के, मधले सगळे सरळ रेषेत. सिग्नलच्या पल्सच्या रुंदीवरून इंधनाचे तापमानही कळते. स्टँडअलोन (कंपनीच्या ईसीयूऐवजी बसवलेला स्वतंत्र) ईसीयू त्या आकड्यावरून इंधन, टायमिंग आणि बूस्ट हे तिन्ही तक्ते पेट्रोल व इथेनॉल या दोन टोकांमध्ये आपोआप जुळवून घेतो, त्यामुळे पंपावर काय मिळाले याची धास्ती उरत नाही.

ज्यांच्याकडे सेन्सर नाही त्यांना ई३० हे सुरक्षित टोक वाटते. ४० लिटरच्या टाकीत साडेचौतीस लिटर ई२० आणि साडेपाच लिटर ई१०० घातले की ३० टक्के होतात. मात्र टाकी पूर्ण रिकामी नसते, तळाशी उरलेल्या इंधनाचाही हिशोब धरावा.

आणखी एक सूचना, कारण यात चांगले मेकॅनिकही फसताना मी पाहिले आहेत. वाइडबँड मीटरवर (एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणाऱ्या) १४.७ दिसले म्हणजे मिश्रण पेट्रोलच्या प्रमाणात आहे असे नव्हे. मीटर मुळात लॅम्डा (पूर्ण जळायला लागणाऱ्या हवेच्या तुलनेत प्रत्यक्ष हवा किती पट, ते) मोजतो आणि पेट्रोलचा गुणक लावून आकडा दाखवतो, त्यामुळे लॅम्डा १ असेल तर ई८५ वरही तो १४.७ च दाखवणार. मीटर लॅम्डावर लावून ठेवावा आणि गप्पाही लॅम्डातच माराव्यात.

घाटमाथा

ई८५ वर नेमकी किती ताकद वाढू शकते? गॅरेजमध्ये ऐकू येणारे आकडे फार मोठे वाटतात.

लॅम्डा_एक

इंजिन त्यासाठी घडवलेले असेल तर आकडे खरोखरच मोठे असतात. कोनिगसेगची २००७ ची सीसीएक्सआर पेट्रोलवरच्या ८०६ अश्वशक्तीवरून इथेनॉलवर १०१८ वर गेली, जेस्को पेट्रोलवर १२८० देते आणि ई८५ वर १६००. डॉजच्या २०२३ च्या डेमन १७० ला १०२५ अश्वशक्ती ई८५ वर मिळते, ई१० वर ती ९०० आहे. शर्यतींमध्येही हे जुने आहे: इंडीकार २००७ पासून इथेनॉलवर धावली, ऑस्ट्रेलियातल्या व्ही८ सुपरकार्सनी २००९ मध्ये ई८५ घेतले, नॅसकारने २०११ मध्ये ई१५ आणि फॉर्म्युला वनने २०२२ मध्ये ई१०. या सगळ्यांचे पंप, इंजेक्टर आणि नळ्या मात्र त्या इंधनासाठीच बनवलेल्या आहेत. आपल्या रस्त्यावरच्या गाडीत ई८५ साठी पेट्रोलपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त इंधन न्यावे लागते, आणि मूळ हाय प्रेशर पंपाला ते जमत नाही.

रविवारची_गाडी

माझी गाडी आठवड्यातून एकदा निघते, पावसाळ्यात तेवढीही नाही. टाकीत पाणी सुटून इंजिन बिघडेल का? ताम्हिणीतून भिजून आल्यावर ही शंका हमखास मनात येते.

सुटेभाग

बंद टाकीत हवेतली ओल फार हळू शिरते, आणि ई२० पाणी वेगळे होऊ न देता ई१० पेक्षा जास्त सामावून घेते, त्यामुळे काही आठवड्यांसाठी चिंता नको. धोका असतो तो झाकणाच्या तडकलेल्या रबरातून किंवा पंपाच्या भूमिगत टाकीतून आलेल्या पाण्याचा. पाणी मर्यादेपलीकडे गेले की ते इथेनॉल ओढून घेऊन तळाशी बसते, आणि पंपाचे तोंड नेमके तळाशी असते. शिवाय वर उरलेल्या पेट्रोलमधून इथेनॉल निघून गेल्याने त्याचा ऑक्टेन घसरतो, म्हणजे टर्बो गाडीला दोन्हीकडून फटका. पावसाळ्याआधी झाकणाचे रबर बदलावे, गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवावी, आणि सुरू केल्यावर आधी काही किलोमीटर सावकाश चालवावी.

वेताळटेकडी

सुटेभाग आणि लॅम्डा_एक यांनी धाग्यात मोलाची भर घातली आहे, दोघांचे आभार. माझ्याकडून दोन मुद्दे राहिले होते.

पहिला प्लगविषयी. इथेनॉल नॉकिंगला दाद देत नाही, पण तापलेल्या पृष्ठभागावरून वेळेआधी पेट घेण्याची प्रवृत्ती त्यात पेट्रोलपेक्षा जास्त आहे. नॉक सेन्सर शांत आहे म्हणून बूस्ट वाढवत गेले आणि प्लगचे टोक लाल झाले, तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटते आणि पिस्टन काही क्षणांत जातो. जास्त बूस्टच्या मॅपसाठी एक श्रेणी थंड (उष्णता लवकर बाहेर नेणारा) प्लग घ्यावा, आणि त्याच्या टोकांमधली गॅप मापून पाहावी.

दुसरा ऑइलविषयी. इथेनॉल ७८ अंशांना उकळते. कोथरूडहून डेक्कनपर्यंत आणि परत, एवढ्याच फेऱ्या होत असतील तर ऑइल तेवढे तापत नाही आणि सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरलेले इंधन व पाणी ऑइलमध्येच राहते. ऑइलच्या झाकणाखाली दुधट थर दिसणे, डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढणे किंवा तिला इंधनाचा वास येणे, ही त्याची लक्षणे आहेत. ई२० वर हे सौम्य असते, ई५० च्या पुढे लक्ष ठेवावेच लागते. अशा गाडीचे ऑइल मी कंपनीने दिलेल्या अंतराच्या निम्म्यावर बदलतो आणि आठवड्यातून एकदा तिला खेड-शिवापूरपर्यंत नेऊन ऑइल पूर्ण तापू देतो.

रविवारची_गाडी, आपण पुढच्या वेळी गाडी काढाल तेव्हा डिपस्टिक पाहून पातळी इथे कळवावी. शक्य असल्यास लाँग टर्म ट्रिमचे वाचनही सोबत द्यावे, म्हणजे घाटमाथा यांच्या गाडीच्या वाचनाशी ते ताडून पाहता येईल.